शैक्षणिक खेळ

विशिष्ट विषयाचे ज्ञान, कौशल्य वा दृष्टिकोन शिकणाऱ्याच्या ठिकाणी निर्माण व्हावा, या हेतूने रचलेला आणि ठराविक नियमांनी खेळला जाणारा खेळ. पाढे, शब्दसंग्रह, नकाशावाचन इत्यादींच्या सरावासाठी असे खेळ पूर्वापार वापरले जातात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दारिद्र्य, सामाजिक विषमता, युद्ध, राज्यकारभार, नैसर्गिक संपत्तीचा ऱ्हास यांसारख्या गंभीर विषयांच्या अध्यापनासाठीही त्यांचा उपयोग होऊ लागला. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे या दुसऱ्या प्रकारच्या खेळांचा विचार केला आहे.

स्वरूप : सरावाच्या खेळात आशय व खेळ यांचा संबंध बहुधा वरवरचा असतो. पाढा बरोबर म्हटला की सोंगटी एक घर पुढे जाते. पाढ्याऐवजी राजधान्यांची नावे विचारली तरी खेळ तोच राहतो. गंभीर विषयावरील खेळाची गोष्ट वेगळी आहे. येथे खेळ हे वास्तवातील एखाद्या व्यवस्थेचे लहान प्रतिमान असते. कोणाजवळ आरंभी किती साधने असावीत, कोणास काय करण्याची मुभा असावी आणि एकाच्या कृतीचा दुसऱ्यावर काय परिणाम व्हावा, हे नियमांनी ठरते. विद्यार्थी त्या नियमांच्या चौकटीत निर्णय घेतात आणि त्यांचे परिणाम भोगतात. म्हणून अशा खेळात खरा पाठ पटावरील चित्रांत अथवा पत्त्यांवरील मजकुरात नसून नियमांत असतो. नियम सदोष असतील, तर शिक्षकाचा हेतू कितीही चांगला असला तरी विद्यार्थी भलताच धडा घेतात.

असे खेळ पुढील गटांत मोडतात : (१) पट, सोंगट्या, फासे वा पत्ते यांवर आधारलेले खेळ, (२) भूमिकापालनाचे खेळ, यांत अभिरूप संसद, अभिरूप न्यायालय व संयुक्त राष्ट्रांच्या अभिरूप सभा यांचा समावेश होतो, (३) देवघेव व वाटाघाटींचे खेळ, आणि (४) संगणकावर खेळले जाणारे खेळ. प्रत्यक्षात एकाच खेळात यांपैकी दोन-तीन प्रकारांचे मिश्रण आढळते.

ऐतिहासिक आढावा : खेळातून शिक्षण देण्याची कल्पना प्राचीन आहे. ईजिप्तमधील मुलांना फळे व पुष्पमाला वाटण्याच्या खेळांतून गणित शिकवितात, असा उल्लेख प्लेटोच्या लॉज या संवादात येतो. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिक्षणविषयक ग्रंथात अक्षरे चिकटविलेल्या फाशांनी वाचन शिकविण्याची युक्ती सुचविली. १७५९ मध्ये लंडनच्या जॉन जेफरिस याने यूरोपच्या नकाशावर खेळावयाचा भूगोलाचा पट प्रसिद्ध केला. फ्रीड्रिख फ्रबेल व मारिया माँटेसरी यांनी बालशिक्षणात खेळ व साधने यांना मध्यवर्ती स्थान दिले [⟶ बालशिक्षण].

गंभीर आशय नियमांतच गुंफण्याचा एक जुना भारतीय नमुना म्हणजे मोक्षपट किंवा ज्ञानचौपड. या पटावरील घरांना सद्‌गुणांची, दुर्गुणांची व निरनिराळ्या लोकांची नावे असत. सद्‌गुणाच्या घरातून शिडी वर नेई, दुर्गुणाच्या घरातील साप खाली आणी आणि शेवटचे घर मोक्षाचे असे. वैष्णव, जैन व सूफी परंपरांतील असे पट उपलब्ध आहेत. महाराष्ट्रात या खेळाचे जनकत्व परंपरेने ज्ञानेश्वरांकडे दिले जाते. तथापि उपलब्ध पट त्यांच्या काळानंतर पुष्कळ शतकांनी तयार झालेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये गेला. तेथे आरंभी पटावर ख्रिस्ती नीतिकल्पनांची चित्रे होती. पुढे तीही गळून केवळ साप व शिड्या राहिल्या. नियम टिकले, परंतु आशय लोपला.

आधुनिक अभिरूप खेळांचा उगम सैनिकी शिक्षणात आहे. प्रशियामध्ये फोन राइसविट्झ याने १८१२ च्या सुमारास राजासमोर युद्धाचा एक खेळ मांडला व त्याच्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे सुधारित नियम प्रसिद्ध केले. मोठ्या प्रमाणावरील नकाशे, सैन्यतुकड्यांच्या सोंगट्या, फासे आणि निवाडा देणारा पंच हे त्याचे घटक होते. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात त्याचा उपयोग होऊ लागला व पुढे इतर देशांनीही त्याचे अनुकरण केले.

१९५० नंतर ही पद्धत नागरी शिक्षणात आली. अमेरिकेत व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणासाठी व्यापारी निर्णयांचे खेळ तयार झाले. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हॅरल्ड गेट्झको याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभिरूप खेळ विकसित केला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन याने १९६० च्या दशकात शाळांसाठी लोकशाही, विधिमंडळ इ. विषयांवरील खेळ रचले. क्लार्क ॲप्ट याच्या सीरियस गेम्स (१९७०) या ग्रंथामुळे ‘गंभीर खेळ’ ही संज्ञा रूढ झाली. करमणूक होत असली तरी ती ज्यांचा मुख्य हेतू नाही, असे खेळ त्याला अभिप्रेत होते.

नियम व आशय : नियमच शिकवितात याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील एलिझाबेथ मॅगी हिच्या ‘द लँडलॉर्ड्स गेम’ या खेळाचे आहे. हेन्री जॉर्ज या अर्थशास्त्रज्ञाचा भूमिकराचा सिद्धांत लोकांस कळावा, म्हणून तिने हा खेळ रचला आणि १९०४ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. पटाभोवती फिरताना जमिनी घेणे व त्यांवर येणाऱ्या गड्याकडून भाडे घेणे, हे त्याचे सूत्र होते. एका नियमसंचानुसार जमिनीचे मालक श्रीमंत होत जात व इतर कंगाल होत. दुसऱ्या नियमसंचानुसार जमिनीचे भाडे सार्वजनिक निधीत जमा होऊन सर्वांचीच स्थिती सुधारे. दोन्ही डाव खेळून तुलना करावी, अशी योजना होती. स्कॉट निअरिंग या अर्थशास्त्रज्ञाने व्हॉर्टन स्कूलमधील आपल्या अध्यापनात त्याचा उपयोग केला. हा खेळ हातोहात पसरत असता त्याचा मक्तेदारीचा भागच तेवढा लोकप्रिय झाला. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने तो ‘मोनॉपली’ म्हणून बाजारात आणला आणि मॅगीचे एकस्व अवघ्या ५०० डॉलरांना विकत घेतले. महाराष्ट्रात घरोघरी ‘व्यापार’ या नावाने परिचित असलेला खेळ याच वळणाचा आहे. तुलनेसाठी असलेला दुसरा डाव वगळल्याबरोबर मक्तेदारीवरील टीका मक्तेदारीच्या सरावात पालटली. पट, भाडे व फासे जवळपास तेच राहिले. धडा मात्र उलटा झाला.

वर्गातील उदाहरण : सामाईक संपत्तीच्या ऱ्हासाचा विषय खेळातून कसा शिकविला जातो, हे तळ्यातील मासेमारीच्या एका साध्या खेळावरून स्पष्ट होईल. अमेरिकेतील डेनिस मेडोज याने १९८० च्या दशकात या विषयावर ‘फिश बँक्स’ हा विस्तृत खेळ तयार केला. त्याच धर्तीचा खेळ खडे किंवा चिंचोके घेऊन कोणत्याही वर्गात मांडता येतो.

तळ्यात ५० मासे आहेत व त्याहून अधिक मासे त्यात जगू शकत नाहीत, असे मानले जाते. वर्गाचे पाच गट मच्छीमारांची पाच कुटुंबे होत. दर वर्षी प्रत्येक गट किती मासे धरणार, हे गुप्तपणे चिठ्ठीवर लिहून देतो. उरलेले मासे पुढील वर्षापर्यंत दुप्पट होतात, परंतु ५० पेक्षा अधिक होत नाहीत. प्रत्येक गटाने दर वर्षी पाच मासे घेतले, तर २५ मासे उरतात, त्यांचे पुन्हा ५० होतात व हा क्रम अखंड चालू राहतो. चार गटांनी पाच-पाच मासे घेतले व एकाने आठ घेतले, तर पहिल्या वर्षी २२ उरून त्यांचे ४४ होतात. फरक फारसा जाणवत नाही आणि आठ घेणाऱ्याचा लाभ मात्र उघड दिसतो. हाच क्रम चालू राहिल्यास तिसऱ्या वर्षाच्या आरंभी ३२ व चौथ्या वर्षाच्या आरंभी अवघे आठ मासे राहतात. चौथ्या वर्षी तळे रिकामे होते. पाचही गटांनी आठ-आठ मासे घेतल्यास हीच अवस्था दुसऱ्याच वर्षी येते.

या खेळात कोणीही नियम मोडत नाही व कोणाचाही हेतू तळे उपसण्याचा नसतो. तरीही ते उपसले जाते, हा अनुभव विद्यार्थ्यांना विचार करावयास लावतो. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन याने सामाईक संपत्तीच्या शोकांतिकेविषयी जे प्रतिपादन केले, ते अशा डावातून प्रत्ययास येते. मात्र शिक्षक येथेच थांबला, तर ‘माणसे स्वभावतःच लोभी असतात’ एवढाच निष्कर्ष वर्गात उरतो. म्हणून दुसऱ्या डावात गटांना आपसांत बोलण्याची, तिसऱ्या डावात मर्यादा ठरविण्याची व ती मोडणाऱ्यास दंड करण्याची मुभा देतात. एलिनॉर ऑस्ट्रम हिने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जगातील अनेक समाजांनी कुरणे, पाणी व मासेमारी यांचे सामुदायिक नियमन दीर्घकाळ यशस्वी रीत्या केल्याचे दाखविले. या कार्याबद्दल तिला २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एकच डाव खेळला तर हार्डिनचा सिद्धांत शिकविला जातो, तिन्ही खेळले तर त्याची मर्यादाही कळते. आंध्र प्रदेशातील गावांत भूजल व पिकांची निवड यांसंबंधीचे असेच खेळ प्रौढ शेतकऱ्यांबरोबर खेळून पाहण्यात आले. ज्या गावांत ते खेळले गेले, तेथे पाण्याच्या नोंदी ठेवण्याकडे व वापराचे नियम करण्याकडे अधिक कल आढळला.

विषमता हा विषय गॅरी शर्ट्‌स याच्या ‘स्टारपॉवर’ (१९६९) या खेळात हाताळला आहे. त्यात खेळाडू रंगीत चकत्यांची देवघेव करून गुण मिळवितात व गुणांनुसार त्यांचे तीन वर्ग पडतात. वरचढ वर्गाला नंतर नियम बदलण्याचा अधिकार दिला जातो. आरंभीच्या चकत्या सर्वांना सारख्या मोलाच्या दिलेल्या नसतात. तथापि वरच्या वर्गातील खेळाडू बहुधा आपले यश कौशल्याचे मानतात आणि आपले स्थान टिकविणारे नियम करू लागतात. सत्तेचा दोष केवळ वाईट माणसांत नसून व्यवस्थेतही असू शकतो, हे व्याख्यानाने सांगणे सोपे असले, तरी पटवून देणे कठीण असते.

इतिहासाच्या अध्यापनात भूमिकापालनाचे खेळ उपयुक्त ठरले आहेत. न्यूयॉर्कमधील बर्नार्ड महाविद्यालयात मार्क कार्न्स याने १९९० च्या दशकात सुरू केलेल्या ‘रिॲक्टिंग टू द पास्ट’ या उपक्रमात विद्यार्थी काही आठवडे ऐतिहासिक व्यक्तींच्या भूमिका घेऊन मूळ साधनांच्या आधारे वादविवाद करतात. त्यांपैकी एक खेळ १९४५ मधील सिमला परिषदेवर आधारलेला आहे. काँग्रेस, मुस्लिम लीग व इतर पक्षांची बाजू मांडताना फाळणी ही आधीच ठरून गेलेली गोष्ट नव्हती, याची जाणीव विद्यार्थ्यांना होते. इतिहासाचा शेवट ठाऊक असल्यामुळे जी अनिश्चितता पाठ्यपुस्तकात हरवते, ती अशा खेळात परत मिळते.

संगणकीय खेळ : १९७१ मध्ये मिनीॲपोलिस येथील एका इतिहासशिक्षकाने दोन सहकाऱ्यांच्या साहाय्याने ‘द ऑरेगन ट्रेल’ हा खेळ तयार केला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या स्थलांतरितांचा प्रवास, अन्नाचा तुटवडा, रोगराई व अपघात यांचे त्यात चित्रण होते. पुढे तो अमेरिकेतील असंख्य शाळांत पोहोचला. ज्या मूळ रहिवाशांच्या भूमीवरून हा प्रवास झाला, त्यांची बाजू त्यात जवळजवळ नव्हती, अशी टीका त्यावर झाली; २०२१ च्या आवृत्तीत मूळ रहिवासी समाजातील इतिहासतज्ज्ञांचे साहाय्य घेण्यात आले. वेढा पडलेल्या शहरातील सामान्य नागरिकांचे जीवन दाखविणारा ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) हा पोलंडमध्ये तयार झालेला खेळ २०२० मध्ये त्या देशाच्या शासनाने माध्यमिक शाळांतील वरच्या वर्गांसाठीच्या शिफारशींत समाविष्ट केला.

कार्यपद्धती : शैक्षणिक खेळाचे तीन टप्पे मानले जातात. पहिल्या टप्प्यात शिक्षक विषयाची पार्श्वभूमी व नियम थोडक्यात सांगतो. नियम समजावण्यातच तासिका संपणार असेल, तर तो खेळ त्या वर्गासाठी योग्य नव्हे. दुसरा टप्पा प्रत्यक्ष खेळाचा. यात शिक्षक पंचाची भूमिका घेतो, सल्ला देत नाही व कोणाची चूक आगाऊ सुधारीत नाही. तिसरा टप्पा खेळानंतरच्या चर्चेचा असून तो सर्वांत महत्त्वाचा असतो. त्यासाठी खेळाइतकाच किंवा त्याहून अधिक वेळ राखून ठेवणे इष्ट असते. या चर्चेत प्रथम काय घडले व खेळाडूंना काय वाटले, नंतर ते कोणत्या नियमामुळे घडले आणि अखेरीस वास्तव खेळाहून कोठे वेगळे आहे, या क्रमाने प्रश्न विचारले जातात. शेवटचा प्रश्न वगळला तर विद्यार्थी प्रतिमानालाच वास्तव समजतात. वर उल्लेखिलेल्या खेळातील मासे दर वर्षी निश्चितपणे दुप्पट होतात; खऱ्या तळ्यात पाऊस, प्रदूषण व सावकाराचे कर्ज यांचाही वाटा असतो.

गुणांच्या आधारे खेळाचे मूल्यमापन करणे सयुक्तिक नसते. जिंकणाऱ्यास अधिक गुण दिले, तर विद्यार्थी विषय सोडून जिंकण्याच्या मागे लागतात. हरलेला गट कित्येकदा अधिक शिकलेला असतो. म्हणून लेखी टिपण किंवा चर्चेतील सहभाग यांवरून मूल्यमापन करण्याची प्रथा आहे.

परिणामकारकता : या खेळांविषयी आरंभी फार मोठ्या अपेक्षा होत्या. संशोधनातून निघालेले निष्कर्ष मर्यादित आहेत. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलित परीक्षणात निम्म्याहून अधिक अभ्यासांत खेळ व नेहमीचे अध्यापन यांत लक्षणीय फरक दिसला नाही; मात्र शिकलेले अधिक काळ स्मरणात राहण्याच्या बाबतीत खेळ सरस आढळले. संगणकीय खेळांविषयी २०१३ मध्ये नेदर्लंड्‌समधील संशोधकांनी केलेल्या संकलित विश्लेषणात अध्ययन व स्मरण यांत काहीसा लाभ दिसला; परंतु सर्वसाधारण समजुतीच्या उलट, प्रेरणेच्या बाबतीत खेळ निश्चितपणे सरस ठरले नाहीत. खेळाला इतर अध्यापनाची जोड दिली असता व तो अनेक वेळा खेळला असता लाभ वाढतो, असेही त्यातून दिसून आले. तात्पर्य, खेळ हा शिक्षकाला पर्याय ठरत नाही.

आक्षेप व मर्यादा : गंभीर विषयाचा खेळ केल्याने तो क्षुल्लक होतो, हा यावरील प्रमुख आक्षेप होय. काही विषयांच्या बाबतीत तो सर्वस्वी खरा आहे. वंशसंहार, गुलामगिरी यांसारख्या घटनांत बळी व छळ करणारे अशा भूमिका मुलांना देणे अनुचित मानले जाते. वॉशिंग्टन येथील होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयाने शिक्षकांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात अशी अभिरूपे टाळण्याचा सल्ला दिला आहे. त्यांमुळे आपण ते दुःख अनुभवले, असा खोटा समज मुलांच्या मनात निर्माण होतो. अमेरिकेतील आयोवा राज्यातील शिक्षिका जेन एलियट हिने मार्टिन ल्यूथर किंग याच्या हत्येनंतर दुसऱ्याच दिवशी, ५ एप्रिल १९६८ रोजी, आपल्या वर्गातील मुलांना डोळ्यांच्या रंगावरून श्रेष्ठ व कनिष्ठ ठरविण्याचा प्रयोग केला. भेदभावाचा दाहक अनुभव दिल्याबद्दल त्याची प्रशंसा झाली, तशीच लहान मुलांना पूर्वकल्पना न देता अपमान सोसावयास लावल्याबद्दल टीकाही झाली.

भारतीय वर्गात हा प्रश्न अधिक नाजूक आहे. जातिभेद, दुष्काळ, विस्थापन किंवा कर्जबाजारीपणा हे काही मुलांसाठी पुस्तकातील विषय असतात. त्याच बाकावरील दुसऱ्या मुलासाठी ते घरातील वास्तव असते. अस्पृश्यतेचे नाट्य वर्गात केल्यास पहिल्या मुलास नवा अनुभव मिळेल, पण दुसऱ्यास जुनीच जखम पुन्हा सोसावी लागेल. त्यामुळे व्यक्तीची ओळख खेळात न आणता व्यवस्था कशी चालते, एवढेच दाखविणारे खेळ श्रेयस्कर ठरतात. ‘स्टारपॉवर’मधील वर्ग चकत्यांवरून पडतात, जन्मावरून नव्हे. भूमिका चिठ्ठ्या टाकून देणे, न खेळण्याची मुभा ठेवणे आणि खेळ संपल्यावर भूमिका सोडल्याचे स्पष्टपणे सांगणे, ही पथ्येही आवश्यक मानली जातात.

यांखेरीज मोठी पटसंख्या, ठराविक मिनिटांच्या तासिका, परीक्षाकेंद्री अभ्यासक्रम व वर्गातील गोंगाटाविषयीची नापसंती या व्यावहारिक अडचणी आहेत. नियम करणाऱ्याचे पूर्वग्रह खेळात नकळत उतरतात, ही मर्यादा तर प्रत्येक खेळाला आहे.

भारतातील स्थिती : भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी आणि बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी खेळ व परिसरातील साधने यांवर बालशिक्षणाची उभारणी केली. संसदीय कार्य मंत्रालयाने १९६६-६७ पासून दिल्लीतील शाळांत युवक संसदेच्या स्पर्धा सुरू केल्या व पुढे त्यांचा विस्तार झाला. महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतही अभिरूप संसद परिचयाची आहे. परंतु संहिता आधी लिहून ती पाठ करून घेतल्यास तो खेळ न राहता नाट्यप्रयोग होतो, कारण त्यात निर्णय घेण्यास वाव उरत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण (२०२०) यात खेळ व खेळणी यांवर आधारित अध्ययनाचा पुरस्कार आहे. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ हा साहित्यसंच प्रसिद्ध करण्यात आला. या प्रयत्नांचा भर मुख्यत्वे पायाभूत स्तरावर आहे. माध्यमिक स्तरावर नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र व पर्यावरण या विषयांत पाणीवाटप, ग्रामसभा, अंदाजपत्रक यांसारखे स्थानिक प्रश्न खेळरूपाने मांडण्यास मोठा वाव आहे. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. विचारपूर्वक केलेले नियम, प्रामाणिक पंच आणि खेळानंतर चर्चेला पुरेसा वेळ एवढे असले, तरी खेळ आपले काम करतो.